नूतनीकरणानंतरचा पहिला आषाढ

जूनच्या पहिल्या आठवड्यात महाबळेश्वरच्या बाजारपेठेत चक्कर मारली, तर अर्ध्याअधिक छपरांवर माणसं चढलेली दिसतात. खाली रस्त्याकडेला बांबू, काथ्या, प्लॅस्टिकचे निळे-काळे ताव आणि कोळंब नावाच्या गवताच्या पेंढ्या पडलेल्या असतात. घराच्या ज्या अंगाला पाऊस आडवा झोडपतो, त्या अंगाला या गवताच्या झडी बांधून घ्यायच्या, हे इथलं आगोटीचं काम. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी इथे बंगले बांधले, तेव्हा त्यांनीही हीच रीत उचलली. झडी बांधलेली इमारत चार महिने बुजगावण्यासारखी दिसते. भिंत मात्र कोरडी राहते.

आम्ही उतरलो त्या हॉटेलला झडी नव्हत्या. ते नुकतंच नवं होऊन उघडलं होतं आणि नव्या रूपात त्याचा हा पहिलाच पावसाळा होता. नाव सांगत नाही. जुनं, चांगल्या घराण्यातलं हॉटेल आहे एवढं पुरे. लग्नानंतर महाबळेश्वरला जायचं हा आमच्या पिढीचा अलिखित नियम होता, तेव्हा आम्हीही आलो होतो आणि बाजारातल्या एका लॉजवर राहिलो होतो. या हॉटेलात राहणं परवडण्यासारखं नव्हतंच. एका संध्याकाळी तिथल्या व्हरांड्यात बसून नुसता चहा घेतला होता. लांबलचक, लाकडी कठड्याचा व्हरांडा, वेताच्या खुर्च्या आणि पुढे आलेल्या कौलारू छपराच्या पागोळ्या. त्यामुळे 'मान्सून पॅकेज'ची जाहिरात बघितल्यावर बायको म्हणाली, ''या वेळी तिथेच राहू या की. एकदा तरी.''

पुण्याहून एकशेवीस किलोमीटरचा रस्ता. वाई सोडून पसरणीचा घाट चढायला लागलो तेव्हा नुसती भुरभुर होती. पाचगणीत वायपर लावावा लागला. पुढे वेण्णा तलाव आला तो रस्त्याला टेकलेलाच. नावा काठावर उलट्या ठेवलेल्या, घोडी कुठेतरी आडोशाला, मक्याच्या गाड्यांवर प्लॅस्टिकचे तंबू. वीसेक किलोमीटरमध्ये पावसाची जात बदलते, हे या रस्त्यावर अंगाला कळतं. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतात आणि साडेचार हजार फुटांवरच्या या पठारावर रिकामे होतात. पूर्वेला सरकावं तसा पाऊस झपाट्याने ओसरत जातो. पुण्याला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार. २०२१ च्या जुलैत तर इथे एका दिवसात पाचशे नव्वद मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. पुण्याने जवळजवळ अख्ख्या पावसाळ्यात बघावा तेवढा पाऊस या गावाने सकाळ ते सकाळ बघितला. इथे इमारत बांधणाऱ्याने किंवा दुरुस्त करणाऱ्याने पहिल्यांदा विचार करायचा तो या आकड्यांचा.

हॉटेलच्या दारात एका हसतमुख मुलीने कपाळाला कुंकू लावलं आणि हातात लालभडक सरबत दिलं. ''मॅम, फ्रेश महाबळेश्वर स्ट्रॉबेरी.'' बायकोने घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडीतला. उन्हाळ्याच्या अखेरीला वाफे रिकामे होतात. जुलैत ताजी स्ट्रॉबेरी महाबळेश्वरला मिळणार कुठून? सरबत बाटलीतल्या पाकाचं होतं, आणि तसं सांगितलं असतं तरी आम्ही आनंदाने प्यालो असतो.

लॉबी मात्र बघत राहावी अशी होती. दुमजली उंचीची काच, पांढऱ्याशुभ्र फरश्या, मधोमध पाण्याचा पडदा. बाहेर पाऊस कोसळतोय आणि आत मोटर लावून पाणी पाडलंय! भिंतीवर जुन्या हॉटेलचे फोटो सोनेरी चौकटीत लावले होते. त्यातल्या एका फोटोत तो व्हरांडा दिसला. मी कौतुकाने विचारलं, ''हा कुठल्या बाजूला?'' मुलीने तितक्याच कौतुकाने सांगितलं, ''सर, तो आता तुमच्या रूममध्ये आहे.''

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. खोल्या मोठ्या करण्यासाठी व्हरांडा आत घेतला होता. कठडा काढून तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे आलेलं छप्पर काचेच्या रेषेत कापलेलं, आणि त्यामुळे समोरून इमारत कशी सपाट, गुळगुळीत, आधुनिक. पलंगावर पडल्यापडल्या दरी दिसावी हा हेतू. दरी त्या मुक्कामात दिसली नाही. आषाढात ती दिसतही नाही. काचेपलीकडे दुधी धुकं आणि काचेवर पाण्याचे लोट एवढंच दृश्य होतं. त्याबद्दल हॉटेलला दोष देण्यात अर्थ नाही. महाबळेश्वरला पावसाळ्यात जाणारा धुकं बघायलाच जातो.

खोलीत पाय ठेवल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास. नव्या रंगाचा आणि ओल्या गोणपाटाचा एकत्र. तो मारायला उदबत्तीसारखं काहीतरी विजेवर लावून ठेवलं होतं. जमिनीवर लाकडाचा भास देणाऱ्या लॅमिनेटच्या पट्ट्या होत्या आणि काचेजवळ त्या सांध्यांवर फुगून वर आल्या होत्या. अनवाणी चाललं की पायाला कंगोरे लागायचे. या पट्ट्यांच्या पोटात दाबलेला लाकडी भुसा असतो, पाणी प्यायला की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. छताला जिप्समची फॉल्स सीलिंग, तीत लपवलेले दिवे आणि एका दिव्याभोवती चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग.

न्हाणीघराला काचेची भिंत. हा प्रकार कुणाच्या सोयीसाठी असतो, हे मला कधी कळलेलं नाही. वर मोठ्या थाळ्याएवढा 'रेन शॉवर'. बायकोने सगळीकडे बघून शेवटी मुद्द्याचं विचारलं, ''अहो, बादली कुठंय?'' बादली नव्हती. फोन केला. अर्ध्या तासाने एक मुलगा अतिशय अदबीने बर्फाची चकचकीत छोटी बादली घेऊन आला. ती परत न्यायला सांगणार तेवढ्यात फॉल्स सीलिंगमधून पहिला थेंब पडला. बादली ठेवून घेतली. रात्रभर ती टप् टप् वाजत होती आणि सकाळी निम्मी भरली होती.

पण त्या खोलीतली खरी गोष्ट भिंतीवर होती. पलंगाच्या डोक्याशी, काचेला लागून असलेल्या कोपऱ्यात रंगाला तळहाताएवढा फुगा आला होता. वरून फिकट मोतिया रंग, कुठे तडा नाही. बायकोने सहज बोट लावलं. फुगा हलला. आत काहीतरी डुचमळलं. तिने जरा दाबलं तर खालच्या कडेला बारीकशी चीर गेली आणि वाटीभर गढूळ, तांबूस पाणी भिंतीवरून ओघळत उशीपर्यंत आलं. रंगाचा पापुद्रा रबरासारखा लोंबत राहिला. त्यामागे पांढऱ्या पुट्टीचा चिखल झाला होता आणि त्याच्याही मागे बोट घातल्यावर खरखरीत, भोकाभोकाचा जांभा लागला.

जांभा हा या पठाराचाच दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, हवा लागली की कडक होतो. पण त्याच्या अंगभर छिद्रं असतात आणि पावसात तो पाणी पितो. जुन्या लोकांनी हे जाणून त्याला चुन्याचा गिलावा केला, कारण चुना ओल बाहेर सोडतो. भिंत पावसाळ्यात भिजायची, दिवाळीनंतरच्या उन्हात वाळायची. त्यात पुढे आलेलं छप्पर, व्हरांडा आणि झडी असं तिहेरी संरक्षण असल्याने भिजायचीही थोडीच. आता सिमेंट, पुट्टी आणि प्लॅस्टिकसारखा तुकतुकीत रंग लावून तिची श्वास घ्यायची वाट बंद केली होती. छप्पर कापून आणि झडी नाकारून पाणी मात्र पूर्वीपेक्षा जास्त पाजलं होतं. आत शिरलेलं पाणी कुठेतरी निघणारच. ते आमच्या उशीवर निघालं.

खोली बदलून मिळाली. तक्रार करताच, हुज्जत न घालता, माफी मागून. तिथला कर्मचारीवर्ग खरोखर चांगला होता. बहुतेक मुलं लांबच्या राज्यांतून आलेली, भाषा नवी, पाऊस नवा, आणि दिवसभर काम एकच: पुसणं. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी मोप घेऊन उभा असायचा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी आल्याने लिफ्ट बंद होती, म्हणून आमच्या बॅगाही त्यांनीच जिन्याने वर नेल्या.

दुसऱ्या खोलीत गळती नव्हती, पण कपडे वाळत नव्हते. ओला हातरुमाल संध्याकाळी तितकाच ओला. हवा कोरडी करायला एसी चालू ठेवायचा, तर दारापाशी कार्ड अडकवल्याशिवाय वीज येत नाही. कार्ड घेऊन जेवायला गेलो की एसी बंद. आणि खिडकी एकच, तीही वीतभर उघडणारी. वीज वाचवायची सोय म्हणून ही पद्धत ठीक आहे, पण जुलैच्या महाबळेश्वरात ती माणसाच्या कपड्यांवर बुरशी वाढवते. बायकोने त्या फटीत तिचं एसटीचं स्मार्ट कार्ड खुपसलं आणि दिवा लागला. ''अर्ध्या तिकिटापेक्षा जास्त उपयोग झाला,'' ती म्हणाली.

त्याच रात्री दीडच्या सुमाराला सगळ्या हॉटेलात धोक्याची घंटा वाजली. पायजमे, गाऊन, कडेवर पोरं अशी वरात लॉबीत जमली. कोणीतरी म्हणालं शॉर्टसर्किट, कोणीतरी म्हणालं स्वयंपाकघर. निघालं ते असं की, तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने वास जावा म्हणून खिडकी उघडी ठेवली होती आणि धुकं आत शिरून धूर ओळखणाऱ्या यंत्रापर्यंत पोचलं होतं. हे यंत्र हवेत तरंगणारे बारीक कण बघतं. ते धुराचे की पाण्याचे, हे त्याला सांगता येत नाही. मुंबईत त्याची चूक होणार नाही. इथे मात्र जून ते सप्टेंबर ढगच घरात येतात.

लॉबीत उभ्या असलेल्या सगळ्यांसाठी चहा आला. तो घेऊन आलेले वेटर बाकीच्यांपेक्षा बरेच वयस्कर होते, मराठी बोलणारे, जावळीकडच्या गावातले. नूतनीकरणाआधीपासून नोकरीला असलेली मोजकी माणसं उरली होती, त्यातले एक. सगळे त्यांना मामा म्हणत होते. चहा बशीत ओतून प्यायची मुभा देणारा तो पहिलाच माणूस तिथे भेटला. बायकोने त्यांना विचारलं, ''मामा, आधीपण एवढं गळायचं का हो?''

''गळायचं की, वहिनी. कौलारू छप्पर म्हणल्यावर एखादं कौल सरकायचंच. पण माळ्यावर चढायचं, कौल बसवायचं, झालं. आता वरनं सगळं बंद. पाणी शिरतंय एकीकडं आन्‌ दिसतंय दुसरीकडं. कुणी शोधायचं?'' मग कप गोळा करता करता म्हणाले, ''पागोळ्या व्हरांड्याच्या भाईर पडायच्या. व्हरांडा खोलीत घेतला, म्हणून पागोळ्याबी खोलीत आल्या.''

आर्किटेक्टच्या अहवालात याहून जास्त काही असेल असं मला वाटत नाही.

सकाळी आम्ही क्षेत्र महाबळेश्वरला गेलो. जुन्या गावातलं कृष्णाबाईचं देऊळ अशा पावसात बघावं. काळ्या दगडाचे खांब, छताला कोरीव काम, अंगभर शेवाळ, आणि गोमुखातून कुंडात पडणारी धार. पलीकडे कृष्णेचं खोरं धुक्यात बुडालेलं. देवळात ओल होती, भरपूर होती. पायाखाली, भिंतीवर, छताच्या सांध्यांत. पण पाण्याने कुठून यायचं, कुठे थांबायचं आणि कुठून निघून जायचं हे बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलंय, त्यामुळे ती ओल खुपत नाही. जवळच्या पंचगंगा मंदिरातही कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या नद्यांचं पाणी एका गोमुखातून बाहेर येतं असं मानतात. भूगोलाच्या पुस्तकातून बघितलं तर त्यातली सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते आणि कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे. या डोंगरमाथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन समुद्र वाट बघत असतात. अशा जागी सपाट भिंत उभी करून पाण्याला अडवायला जाणं हे जरा धाडसाचंच.

परतताना बाजारात थांबलो. झडी आणि प्लॅस्टिकच्या आडोशाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोगदे झालेले. आत पिवळे दिवे, भट्टीवर चणे फुटत होते, मक्याच्या पॅटिसचा वास. एका चणेवाल्याच्या दुकानात शिरलो. मागची भिंत मी हात लावून बघितली. कोरडी होती. तो हसला. ''काय बघताय, काका?''

''भिंत.''

''झडी मेच्या अखेरीला बांधल्यात. दरवर्षी खर्च होतो, पण माल वाचतो.''

महाबळेश्वरचा इतिहास बघितला तर एक गोष्ट लक्षात येते. हे गाव पावसाळ्यात पाहुणे ठेवण्यासाठी वसवलंच नव्हतं. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी इथे चढून आला. पुढे मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून १८२९ मध्ये ही जागा मिळवली आणि त्यांच्याच नावाने माल्कम पेठ वसली. मुंबई सरकार उन्हाळ्यात इथे यायचं आणि जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला की बाडबिस्तरा आवरून पुण्याला उतरायचं. बंगले झडीत गुंडाळून कुलूप लावून ठेवायचे. गव्हर्नरसाहेबांनाही जो मोसम झेपत नव्हता, त्याच मोसमाचं आज 'पॅकेज' झालंय. यात वाईट काही नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला शनिवार-रविवारी गाडी काढून धुक्यात जावंसं वाटतं आणि गावाला चार महिने रोजगार मिळतो. २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवल्याने नवीन बांधकामावर बंधनं आहेत. मग जे जुनं आहे तेच नवं करण्याकडे मालकांचा कल असणार. पण पूर्वी जी इमारत पावसात रिकामी असायची तीत आता माणसं राहणार असतील, तर तिचं पावसापासूनचं संरक्षण वाढवायला हवं. इथे होतं तेही काढून टाकलं आणि त्या पैशात पाण्याचा पडदा बसवला.

निघायच्या आदल्या दिवशी मी मॅनेजरना भेटलो. तरुण, हुशार, कपड्यांना इस्त्री कशी टिकवत होते देव जाणे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, वहीत टिपलं आणि पुढच्या वेळी सवलत देऊ केली. मी विचारलं, ''झडी का नाही बांधल्या?''

''सर, झडी लावली की एलिव्हेशन दिसत नाही. गेस्ट फोटो बघून बुकिंग करतात. इथे आल्यावर गवत आणि प्लॅस्टिक दिसलं तर म्हणतात, हे ते हॉटेलच नाही.''

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. फोटोतलं हॉटेल बहुधा डिसेंबरातल्या निळ्या आकाशाखाली काढलेलं होतं आणि आम्ही जुलैत आलो होतो. कोरड्या, स्वच्छ दिवसात ती काच, तो सपाट दर्शनी भाग, ती दरी हे सगळं फोटोबरहुकूम दिसत असणार. नूतनीकरण फोटोसाठी झालं होतं आणि फोटो ओला होत नाही. मी एवढंच म्हणालो की, झडी बांधलेल्या हॉटेलचाही एक फोटो टाका, खाली कारण लिहा, लोक कौतुकाने बघतील. त्यांनी तेही टिपून घेतलं.

बिलात खोलीभाड्याबरोबर 'मान्सून एक्सपिरियन्स' म्हणून वेगळी रक्कम लावली होती. बायकोने काउंटरवर विचारलं, ''यात काय काय आलं?'' मुलगी गोंधळली, आत जाऊन आली आणि ती रक्कम तिने निमूट वजा केली. हा मोठेपणा मान्य केला पाहिजे.

पावसाळ्यात महाबळेश्वरला जरूर जा. कृष्णाबाईच्या देवळातली ती धार, वेण्णा तलावावरून रस्त्यावर सरकणारं धुकं, गरम चण्यांचा पुडा, हे उन्हाळ्यात मिळत नाही. राहायची जागा ठरवताना मात्र तारे मोजू नका आणि फोटोत दरी दिसते का हेही बघू नका. हॉटेलला फोन करा. खोलीपुढे छप्पर किती पुढे आलंय, खिडकी पुरती उघडते का आणि झडी बांधल्यात का, एवढं विचारा. समोरच्याला प्रश्न कळले, तर निम्मं काम झालं. नूतनीकरण कधी झालं हे तो आपणहून सांगेलच. तुम्ही विचारायचं ते हे, की गेल्या आषाढात कुठल्या खोल्या बंद ठेवाव्या लागल्या? ज्या हॉटेलने अजून आषाढच बघितलेला नाही, तिथे पहिला पाहुणा दुसऱ्याला होऊ द्या.